घर रिकामं करतोय, पुस्तकांसाठी एकच खोकं आहे: तुम्ही कुठलं पुस्तक सोडणार नाही, आणि का?

नौपाडा_तिसरा_मजला | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. करारावर सह्या झाल्या, महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत मी आणि आई कासारवडवलीला भाड्याच्या वन-बीएचकेत राहणार. तिथे पलंग, आईची खुर्ची आणि एक कपाट ठेवलं की झालं, मग फक्त चालण्यापुरती जागा.

प्रश्न पुस्तकांचा आहे. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. पगाराच्या दिवशी घरी येताना एखादं पुस्तक घेऊन यायचे. दर महिन्याला नाही, पण वर्षाला चार-पाच नक्की. पहिल्या पानावर निळ्या शाईने नाव, तारीख आणि खाली ‘ठाणे’. बाकीचं वाचन ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून. हे ग्रंथालय १८९३ सालचं, आणि ‘आपण त्याचे सभासद आहोत’ हे बाबा एखादी पदवी सांगावी तसं सांगायचे. त्यांचा नियम होता: पुस्तक आधी वाचनालयातून आणायचं, आणि परत करताना जीव तुटला तरच विकत घ्यायचं. आमच्या घरातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक या परीक्षेतून उतरलेलं आहे.

साडेतीनशेच्या वर भरतात. एका वाचनालयात देणगीबद्दल विचारून आले, त्यांच्याकडे जागा नाही. रद्दीत एकही जाणार नाही हे मी ठरवलंय. नातेवाईक, शेजारी, ओळखीच्या शाळा असं करत बरीचशी मार्गी लागतील. पण सोबत न्यायला एकच खोकं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर कुठलं पुस्तक हातून सुटणार नाही? नुसतं नाव नको. ‘अजरामर कलाकृती’ही नको. तुमचं आणि त्या पुस्तकाचं काय नातं आहे ते लिहा. मला निवडायला बळ येईल.

तलावपाळी_संध्याकाळ | रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतेय. कुकर लावलाय, जेवणं आटपली की सविस्तर लिहिते.

जुईनगरची_जाई | रात्री १०:१५

श्यामची आई. सगळेच हे नाव घेतात हे माहीत आहे, तरी तेच.

साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, छापून आलं १९३५ला. बेचाळीस रात्रींच्या गोष्टी. माझी रात्र म्हणजे अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील चवीने जेवतात, ताटात मीठसुद्धा मागून घेत नाहीत. मुलंही काही बोलत नाहीत. शेवटी आई जेवायला बसते, पहिला घास तोंडात जातो आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं.

मी लग्न होऊन जुईनगरला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात आमटी तळाला लागली. करपल्याचा वास घरभर. सासऱ्यांनी ती दोनदा वाढून घेतली. मला वाटलं, त्यांना वासच येत नसेल. ते गेल्यावर त्यांचं सामान आवरताना श्यामची आई सापडलं आणि त्या प्रकरणाच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी ते पुस्तक हातात घेऊन तिथेच खाली बसले. माझ्या मुलांना ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यापुरतं माहीत आहे, पण ती प्रत मी कुणालाही देणार नाही.

ऐरोली_साडेआठ | रात्री १०:४८

जाईताई, तुमच्या सासऱ्यांची गोष्ट वाचून गलबलून आलं. तरी एक सांगतो, राग मानू नका. शाळेत ते पुस्तक मला दूरचं वाटायचं. बाई वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, तुमची आई तुम्हाला काय शिकवते? माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. सकाळी सहाला निघायची, रात्री आठला यायची. मला जवळ बसवून काही सांगायला तिच्यात त्राणच नसायचं. वर्गात उत्तर द्यायची वेळ आली की मी बाकाखाली बघायचो.

मला माझं पुस्तक अकरावीत मिळालं. दया पवारांचं बलुतं, १९७८ सालचं. वर्गातल्या एका मित्राने वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं होतं. त्यात लेखक दगडूशी बोलतो. म्हणजे स्वतःशीच, जो गावकुसाबाहेर आणि मुंबईच्या कावाखाना वस्तीत वाढला त्या जुन्या स्वतःशी. शिकून नोकरीला लागलेला माणूस आणि मागे राहिलेला दगडू समोरासमोर बसतात आणि एकमेकांना काहीही लपवू देत नाहीत. स्वतःला लाज आणणाऱ्या गोष्टीही तो सांगून टाकतो. तोवर मला वाटायचं की छापलेल्या पुस्तकात येण्यासाठी माणसाचं घर स्वच्छ असावं लागतं. त्या पुस्तकात आमच्यासारखी घरं होती, कष्टाने मोडलेली आई होती, आणि कुणी कुणाची माफी मागत नव्हतं.

वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा आईला विचारलं, तू लहान असताना काय खायचीस? ती रात्री एक वाजेपर्यंत बोलत होती. त्याआधी मी तिला असं कधी काही विचारलंच नव्हतं.

खोक्यात एकच ठेवायचं म्हटलं तरी बलुतं. दुसऱ्याला जागा असेल तर ऊर्मिला पवारांचं आयदान. आई बांबूच्या टोपल्या विणते आहे आणि मुलगी तिच्या हातांकडे बघते आहे, हे मला अजून दिसतं.

जुईनगरची_जाई | रात्री ११:०५

राग कसला हो, दादा. तुम्ही लिहिलंत ते वाचून मला माझ्याच वर्गातल्या दोन मैत्रिणी आठवल्या. त्या प्रश्नाला त्याही कधी हात वर करायच्या नाहीत. मी आजवर याचा विचारच केला नव्हता. बलुतं वाचलेलं नाही. या महिन्यात वाचते.

दुपारची_बांधणी | रविवार, सकाळी ७:३०

निवडीचं तुमचं चालू द्या, पण त्याआधी भरायचं कसं ते ऐका. माझं आयुष्य पुस्तकबांधणीत गेलंय.

मोठं खोकं घेऊ नका. पुस्तकांनी भरलेलं मोठं खोकं दोघांनाही उचलत नाही, आणि जिन्यात तळ फाटतो. वाशीच्या फळबाजारातून सफरचंदाची खोकी येतात ती बरोबर मापाची. जाड पुस्तकं खाली आडवी, पातळ वर. उभी भरायची असतील तर पाठ वर आणि कडा खाली असं कधी करू नका. पानांच्या वजनाने शिलाई ताणली जाते आणि फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटतात.

सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. दहा वर्षांत तो पिवळा पडतो, चिकटा कागदात उतरतो आणि नेमका तिथेच कागद तुटतो. आम्ही खळ वापरतो, मैद्याची, त्यात किंचित मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. घरी काही करू नका. सुटी पानं कागदात गुंडाळून त्याच पुस्तकात ठेवा आणि सुताने पुस्तक बांधा, घट्ट नाही.

पावसाळा तोंडावर आहे. खोकी प्लास्टिकमध्ये गुंडाळून महिनोन्‌महिने ठेवू नका, आत बुरशी धरते. भरण्याआधी सगळी पुस्तकं एक दिवस पंख्याखाली उघडून ठेवा, उन्हात नको. वेखंडाचे तुकडे कापडात बांधून टाका.

आणि माझं पुस्तक म्हणाल तर बटाट्याची चाळ, १९५८ सालचं. त्याच्या प्रती मी कितीतरी वेळा बांधून दिल्या. चाळीत, कॉलनीत, वाड्यात सगळीकडून यायच्या, पाठ निखळलेल्या, कारण घरात तीन पिढ्यांनी वाचलेल्या. लोक हसण्यासाठी वाचतात. शेवटचं ‘एक चिंतन’ आलं की हसू थांबतं. तुमची इमारत पडणार आहे, तेव्हा रिकाम्या खोलीत बसून ते शेवटचं प्रकरण वाचा.

नौपाडा_तिसरा_मजला | रविवार, सकाळी ८:१०

काका, फार मोलाचं सांगितलंत. मी मोठीच खोकी आणून ठेवली होती, आजच बदलते. आणि पाठ वर करून उभी भरायची नाहीत हे माहीतच नव्हतं.

वसतिगृह_खोली_बावीस | रविवार, सकाळी १०:२०

कोसला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, पुण्यात वसतिगृहात. उदाहरणार्थ, वगैरे करत आम्ही सगळे पांडुरंग सांगवीकरासारखे बोलायचो. मेसचे हिशेब, खोलीतले मित्र, परीक्षेची टाळाटाळ, सगळं आमचंच होतं. नेमाड्यांनी ते पंचविशीत लिहिलं, १९६३ला आलं, ‘शंभरातील नव्व्याण्णवास’ अर्पण केलं आणि आम्हाला खात्री होती की ते नव्व्याण्णव आम्हीच.

मग लहान बहीण मनी देवीच्या रोगाने जाते ती पानं आली. तोवर हसत वाचत होतो. तिथे रात्री दोन वाजता पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने घरी गेलो. आईने विचारलं, अचानक कसा? काही सांगता येईना. धाकटी बहीण अंगणात दोरीउड्या मारत होती, तिला बघत बसलो.

आता माझा मुलगा वसतिगृहात आहे. मागच्या वर्षी पुन्हा वाचलं. या वेळी माझं लक्ष सारखं पांडुरंगच्या वडिलांकडे जात होतं. तेव्हा मला ते कडक, पैशांचे हिशेब मागणारे वाटले होते. आता प्रत्येक पत्रामागे, प्रत्येक मनीऑर्डरमागे त्यांनी काय मोडलं असेल हे मोजत होतो. पुस्तक तेच, मी दुसऱ्या खुर्चीत बसून वाचत होतो. म्हणून ते सोडणार नाही, साठीत पुन्हा वाचायचंय.

तलावपाळी_संध्याकाळ | रविवार, दुपारी १:३०

कोसला मला दोनदा प्रयत्न करूनही पार करता आली नाही. तुमचं वाचून तिसऱ्यांदा हातात घेईन, पण मनीच्या पानांची आत्ताच भीती वाटायला लागलीय.

माझं पुस्तक मृत्युंजय. आठवीच्या सुट्टीत मामाकडे वाचलं. सहा जण आपापल्या तोंडाने सांगतात: कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी कृष्ण. एका माणसाबद्दल सहा जणांना सहा गोष्टी ठाऊक असतात, हे तेराव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं. पुढे अनेक जण म्हणाले की शिवाजी सावंतांनी कर्णाला फार उजळून काढलंय, महाभारतातला कर्ण असा नाही. बरोबर असेल. मूळ महाभारत मी त्यानंतरच वाचायला घेतलं, आणि ते घेतलं याचं कारणही मृत्युंजयच.

नेरुळ_गच्ची | रविवार, दुपारी ४:०५

वीणा गवाणकर, एक होता कार्व्हर. सातवीत बक्षीस मिळालं होतं.

अमेरिकेत गुलामीत जन्मलेलं मूल, आईसकट पळवून नेलेलं. घोड्याच्या बदल्यात परत मिळतं, आई कधीच मिळत नाही. तोच मुलगा मोठा होऊन टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला जातो. प्रयोगशाळा नाही, तर विद्यार्थ्यांना घेऊन उकिरडे धुंडाळतो. फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, त्यातून प्रयोगशाळा उभी राहते. कापसाने जमिनी निकस झालेल्या, वर बोंडं पोखरणाऱ्या भुंग्यांनी पीक गेलेलं, तिथे तो लोकांना भुईमूग लावायला सांगतो, कारण भुईमुगाची मुळं जमिनीला नत्र परत देतात.

मी कृषी शाखेला गेले ती या पुस्तकामुळे. आज नेरुळला गच्चीवर ड्रमात भुईमूग लावते, पीक मूठभरच येतं. पण सोसायटीतली मुलं उपटायला येतात, आणि मुळांवरच्या गाठी दाखवल्या की हातात घेऊन बघत राहतात.

रात्रपाळी_खारघर | रविवार, रात्री ११:५०

ड्युटीवर आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितेय.

उद्धव शेळके, धग. १९६०. कुणीच अजून नाव घेतलं नाही म्हणून घाईने लिहिते. मी अमरावतीकडची. इकडे आले तेव्हा माझं बोलणं ऐकून मैत्रिणी हसायच्या, मी शब्द गिळायला शिकले. तीन वर्षांत मी मुंबईच्या मुलींसारखं बोलायला लागले होते. मग हॉस्टेलवर कुणीतरी धग दिलं. पान उघडलं आणि माझी आजी बोलायला लागली. ‘काहून’, ‘तं’, ‘मले’, जे शब्द मी गिळले होते ते छापलेले होते, कुणी दुरुस्त न करता.

कौतिक शिंप्याच्या घरची. नवऱ्याला सोबत घेऊन संसार सावरायचा म्हणून ती गावं बदलते, कामं बदलते, पोरांना वाढवते. नवरा, महादेव, हाताशी लागत नाही, आणि मग त्याला महारोग होतो. मी नर्सिंगला होते तेव्हा त्या रोगावरचा धडा आम्हाला होता: औषधं, मात्रा, संसर्ग कसा होतो. औषधाने तो बरा होतो हे मी पाठ करत होते आणि रात्री पुस्तकात कौतिकच्या घराची शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलेली दशा वाचत होते. तेव्हापासून पेशंटसोबत आलेल्या बाईला मी आधी बसायला खुर्ची देते. आमच्याकडे सगळे पेशंटची चौकशी करतात, तिची कुणी करत नाही.

फोन वाजला. येते.

घणसोलीचा_पाहुणा | सोमवार, रात्री ९:१५

सगळे प्रतिसाद वाचले. दोन दिवस लिहू की नको करत होतो.

माझे वडील माथाडी. गाव माण तालुक्यात, दहिवडीजवळ. बाजार मस्जिद बंदरहून वाशीला आला तेव्हा तेही इकडे आले, कांदा-बटाटा मार्केटला. पस्तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या. आता घरीच असतात, पाठ पूर्ण गेलीय. चौथीपर्यंत शिकले. सही करतात, बसची पाटी वाचतात, पुस्तक नाही वाचत.

बनगरवाडी मला कॉलेजात लावलेलं होतं. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरलो. लॉकडाऊनमध्ये घरात बसून वडील गप्प गप्प व्हायला लागले. टीव्हीकडे बघायचे पण बघत नसायचे. एका संध्याकाळी मी सहज म्हटलं, अप्पा, तुमच्याकडच्या मुलखाची एक गोष्ट वाचतो. म्हणाले, वाच.

सुरुवातीलाच तो तरुण मास्तर पहाटेच्या अंधारात माळ तुडवत बनगरवाडीला निघालाय. अप्पांनी डोळे मिटले. दोन पानं झाल्यावर म्हणाले, दिवस उगवायच्या आत पोचायचं असंल त्याला, नाहीतर तापतंय. रोज दहा-बारा पानं वाचायचो. कारभारी आला की त्यांना त्यांच्या गावचा पाटील आठवायचा. आनंदा रामोशी आला की हसायचे. मधेच मला थांबवून विचारायचे, हा मास्तर कुठल्या जातीचा लिहिलाय? खरंच होता का?

मग शेकू आला. शेकूकडे एकच बैल. पेरणीची वेळ, दुसरा बैल मिळत नाही. तर त्याची बायको जुवाखाली खांदा देते, एका बाजूला बैल आणि एका बाजूला ती. हे वाचत होतो आणि अप्पा म्हणाले, थांब जरा. उठून खिडकीपाशी गेले. त्यांना उठायला त्रास होतो, मी हात द्यायला गेलो तर नको म्हणाले. बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग सांगितलं की बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजीने असंच केलं होतं. ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते, औताच्या मागे चालत होते. ही गोष्ट त्यांनी माझ्या आईलाही कधी सांगितली नव्हती. ‘लाज वाटायची सांगायला,’ म्हणाले, ‘ह्यानं तर पुस्तकातच लिवलंय.’

पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जगायला निघतात. तिथे मी वाचायला कचरत होतो. अप्पांनीच म्हटलं, वाच की, आम्ही बी तसंच आलो.

खोकंभर पुस्तकं माझ्याकडे नाहीतच. बनगरवाडी मी आजवर तीनदा विकत घेतली आणि तीनदा दिली, मार्केटमधल्या अप्पांच्या जोडीदारांच्या मुलांना. सध्या घरात प्रत नाही. अप्पा विचारत असतात.

दुपारची_बांधणी | सोमवार, रात्री ९:५०

पाहुणे, कधीही प्रत आणा. पाठ कापडी घालून देईन, तीस वर्षं हलणार नाही. पैसे घेणार नाही.

ऐरोली_साडेआठ | सोमवार, रात्री १०:०२

अप्पांना माझा नमस्कार सांगा.

ठाणे_दहावी_ब | मंगळवार, दुपारी ३:३०

मी इथे सगळ्यात लहान असेन. मला दोन आवडतात. फास्टर फेणे, कारण तो फुरसुंगीचा आहे आणि सायकलवरून कुठेही जातो, आणि मोठ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. दुसरं रारंगढांग. बाबांनी दिलं. हिमालयात सैन्यासाठी रस्ता करणारा इंजिनियर विश्वनाथ, त्याला हुकमापेक्षा त्याच्या माणसांचे जीव महत्त्वाचे वाटतात आणि त्यासाठी तो कोर्ट मार्शलला उभा राहतो. माझे बाबा साइट इंजिनियर आहेत. पुस्तक वाचल्यावर मी त्यांना विचारलं, तुमच्या साइटवर कामगारांना दोरी बांधायला लावता का. त्यांनी मला रविवारी साइटवर नेऊन दाखवलं.

कोसला मला वाचू देतील का?

वसतिगृह_खोली_बावीस | मंगळवार, दुपारी ४:१०

वाच बाळा. पण वसतिगृहात जाशील तेव्हा, तीन-चार वर्षांनी. तोवर गो. नी. दांडेकरांचं माचीवरला बुधा वाच. मुंबईत आयुष्य घालवलेला म्हातारा राजमाचीवर परत जाऊन राहतो, झाडं आणि खारी यांच्यात. ते वाचून मग बाबांना राजमाचीला न्यायला सांग.

नौपाडा_तिसरा_मजला | बुधवार, रात्री १०:३०

तीन दिवस लिहिलं नाही कारण घरात जे झालं ते आधी होऊ द्यायचं होतं.

आईचं वय ८३. दोन वर्षांपासून तिला अक्षरं दिसत नाहीत, मधला भाग काळा दिसतो. कडेने दिसतं, म्हणून चालते-फिरते, पण वाचन संपलं. मी निवड करत होते तेव्हा तिला विचारलंच नव्हतं. वाचता येत नाही तर उगीच विचारून जीव कशाला दुखवायचा, असं वाटलं. घणसोलीच्या दादांचा प्रतिसाद वाचला आणि मला माझीच लाज वाटली.

सोमवारी रात्री तिच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसले. म्हटलं, आई, सांग कुठलं वाचू. एका क्षणाचाही विचार न करता म्हणाली, लक्ष्मीबाई.

स्मृतिचित्रे. चार भागांत १९३४ ते ३७ दरम्यान आलेलं, लक्ष्मीबाई टिळकांचं. शेवटचा भाग पुरा होण्याआधी त्या गेल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, आणि मराठीत त्या तोडीचं आत्मचरित्र शोधावं लागतं. वडिलांच्या सोवळ्याने घर कसं हैराण व्हायचं, ते वाचताना आई हसत होती. खांदे हलवत, आवाज न करता, पूर्वी हसायची तशी. कवी टिळक १८९५ला ख्रिस्ती होतात, लक्ष्मीबाई कितीतरी वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहतात, आणि हे सगळं त्या अशा सांगतात जसं ओट्यावर भाजी निवडत शेजारणीला सांगावं. कुठे आकांत नाही आणि कुठे काही लपवलेलंही नाही. टिळकांवर रागावतात, त्यांच्या वेडेपणाची फजिती सांगतात, आणि प्रेम प्रत्येक ओळीत आहे.

वाचता वाचता पहिलं पान बघितलं. बाबांचंच अक्षर, निळी शाई, पण नाव आईचं. आमच्या घरातलं हे एकच पुस्तक असं आहे. आईला विचारलं. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा वाचनालयातून आणलं होतं. परत करायचा दिवस आला की यांना म्हणायचे, अजून आठ दिवस वाढवून आणा. तीनदा वाढवलं. चौथ्यांदा हे नवं कोरंच घेऊन आले आणि म्हणाले, आता हे परत करायचं नाही.

मला ५२ वर्षांत हे माहीत नव्हतं.

खोकं भरलं. श्यामची आई आहे, धग आहे (रात्रपाळीच्या ताई, तुमच्यामुळे, ते मी न वाचता वाटून टाकणार होते), बटाट्याची चाळ, कोसला, बाबांच्या दोन कवितांच्या वह्या, आणि वरती थोडी जागा. स्मृतिचित्रे खोक्यात नाही, ते रोज लागतं. काका, वेखंड घातलाय, पुस्तकं आडवी ठेवलीत.

घणसोलीचे दादा, बाबांची बनगरवाडी तुम्हाला द्यायची आहे. नवी प्रत दुकानात मिळते हे माहीत आहे. पण ही घ्या. पाठ थोडी सैल आहे, पानं सगळी आहेत. व्यक्तिगत निरोप केलाय.

घणसोलीचा_पाहुणा | बुधवार, रात्री ११:१०

ताई, काय बोलू. तुमच्या बाबांची आहे ती, मी कशी घेऊ?

नौपाडा_तिसरा_मजला | बुधवार, रात्री ११:१६

आईनेच सांगितलंय. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला होता. शेकूच्या बायकोचं आलं तेव्हा तिनेही मला थांबवलं. मग म्हणाली, हे पुस्तक त्यांच्या घरी जाऊ दे.

एकच विनंती. पहिल्या पानावर बाबांचं नाव आहे ते तसंच राहू द्या. खाली जागा आहे.

घणसोलीचा_पाहुणा | शुक्रवार, रात्री ८:४५

आज संध्याकाळी ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर ताईंनी पुस्तक दिलं. तपकिरी कागदात, सुताने बांधलेलं. घणसोली येईपर्यंत उघडलं नाही.

घरी आल्यावर अप्पांनी हातात घेतलं, नाव वाचलं, तारीख वाचली. एकेक अक्षर लावत, पण स्वतः वाचलं. मग पेन मागितलं. खाली त्यांनी सही केलीय, तारीख घातलीय आणि गावाच्या जागी आधी ‘दहिवडी’ लिहिलं, मग थोडं थांबून पुढे ‘घणसोली’.

आता पहिल्यापासून वाचायला बसतोय. काका, रविवारी पाठ घालायला आणू का? दोन दिवस तुमच्याकडे राहील एवढीच धाकधूक आहे.

दुपारची_बांधणी | शुक्रवार, रात्री ९:००

रविवारी सकाळी या, संध्याकाळी घेऊन जा. रात्रभर ठेवून घेत नाही.